गाव, नगर, शहर आणि जोगदंड नाना

तिरुपूरच्या आमच्या होस्टेलच्या खोलीत आम्ही सहा जणी राहतो. दोघी ओडिशाच्या, एक झारखंडची, दोघी इथल्याच तमिळ आणि मी बीड जिल्ह्याची. कुणी नवी आली की मोडक्यातोडक्या हिंदीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुझं घर गावात का शहरात? बाकीच्या एका शब्दात सांगून मोकळ्या होतात. मला ते जमत नाही. मी सुरू करते, "ग्रामपंचायत आहे, म्हणून गाव. माणसं तशी पाच हजारांच्या वर आहेत, बाजार भरतो, बँक आहे, तरी गावच. आता शहर कशाला म्हणायचं म्हणशील तर..." तोवर समोरची वेणी घालायला लागलेली असते.

ही खोड मूळची माझी नाही. जोगदंड नानांनी लावली.

आमच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. केज तालुक्यात, नांदूरघाटच्या बाजूला, एवढंच सांगते. नाव लिहिलं तर वाचणारा कुणीतरी लगेच नेटवर जाऊन बघणार, आपणही काहीतरी दुरुस्त करावं असं त्याला वाटणार, आणि नानांनी निस्तरलेलं पुन्हा बिघडणार. मी आठवी पास. आईबाप ऊसतोडीला गेले की धाकट्या दोघांना सांभाळायला घरी कुणीतरी लागायचं, म्हणून नववीचा वर्ग बघितला नाही. लिहिताना चुकेल याची धास्ती वाटते, एकेक ओळ तीनदा वाचते. पण नानांचे उपकार डोक्यावर आहेत आणि त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून लिहिते.

रंगनाथ जोगदंड हे त्यांचं पूर्ण नाव. तालुक्याच्या ऑफिसात आवक-जावक कारकून होते. आलेल्या कागदावर शिक्का मारून नंबर टाकायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारून नंबर टाकायचा, हे त्यांनी नोकरीभर केलं. आमच्या बौद्ध वस्तीतले पहिले पगारदार ते. भर उन्हाळ्यातही पांढरा फुल शर्ट आणि गळ्यापर्यंत बटणं. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिच्या जागी मीच शिवून दिलेली काळी नाडी. ती नाडी कानामागून घेऊन ते अशी काही गाठ मारायचे, की बघणाऱ्याला वाटावं आता ऑफिस उघडलं.

आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच. पुढे पत्र्याची ओसरीही सामाईक. एका बाजूला माझी शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला नानांचं टेबल. रिटायर झाल्यावर पुण्याच्या मुलाने, मिलिंदने, त्यांना जुना कॉम्प्युटर आणून दिला. बाबा गाणी ऐकतील, नातवाशी बोलतील असा त्याचा अंदाज. नानांना त्यात मुक्त ज्ञानकोश सापडला. कुणीही वाचावा, कुणीही लिहावा असा.

"कुनीबी लिवावं म्हंजे?" नानांनी मिलिंदला विचारलं. "सही कुनाची? चुकलं तर जिम्मेदार कोण?"

मिलिंदने दाखवलं, की प्रत्येक पानाला इतिहास नावाची एक जागा असते. कोणी, कोणत्या दिवशी, काय बदललं, सगळं तिथे राहतं. पुसता येत नाही.

नानांचा चेहरा उजळला. "म्हंजे आवक-जावकच की रं हे!"

त्या दिवसापासून ते कामावर रुजू झाले, असंच म्हणायला हवं. सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून टेबलाशी बसायचे. दुपारी एकला जेवणाची सुट्टी. एका बोटाने टाइप करायचे, आणि ते बोट हवेत धरून अक्षर शोधायचे, जसं काही घारीला कोंबडीचं पिल्लू दिसलंय. टक्, टक्, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी मशीनवर एक फॉल लावून होईपर्यंत त्यांचं एक वाक्य व्हायचं.

ज्ञानकोशाने त्यांना एक शब्द दिला, संदर्भ. जे लिहाल ते कुठून घेतलं ते दाखवा, नाहीतर कुणीही खोडेल. नानांनी तो शब्द ज्ञानकोशातून काढून सगळ्या वस्तीवर सोडला. पलीकडची शेवंता एकदा धापा टाकत आली.

"ऐकलं का नाना, सरपंचाच्या घरी दुसरा फ्रीज आला म्हणं."

"संदर्भ?"

"आँ?"

"तू पाह्यला का?"

"माझ्या जावंनं सांगितलं."

"जावंनं पाह्यला का ऐकला?"

"ऐकला आसंल."

"मग गाळा," नाना म्हणाले आणि पुन्हा बोट हवेत धरलं.

शेवंता माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांच्यापशी तर बोलायची सोय राह्यली न्हाई." पण दुसऱ्या दिवशी ती स्वतः डोकावून फ्रीज बघून आली आणि नानांना रंगासकट सांगून गेली.

याचा सूड कौसामावशींनी घेतला. कौसामावशी म्हणजे नानांची बायको. नाना जेवायला बसून म्हणाले, "वरणात मीठ न्हाई," की आतून आवाज यायचा, "संदर्भ?"

ज्ञानकोशात लाखो पानं आहेत म्हणतात. नानांनी त्यातलं एकच काम धरलं. गाव कशाला म्हणायचं, नगर कशाला आणि शहर कशाला, हे मराठीत नीट समजावून सांगायचं. "नोकरीभर मी पत्त्यावरनं कागद लावले. निम्मे लोक तालुक्याला शहर म्हणतात, निम्मे शहराला गाव म्हणतात, अन् कागद मातुर फिरत राह्यतो," असं त्यांचं म्हणणं. त्या पानावर आधीपासून एक वाक्य होतं, ते त्यांनी मला वाचून दाखवलं. 'शहर म्हणजे नागरी स्वरूपाच्या वैशिष्ट्यांमुळे नागरी म्हणून ओळखली जाणारी नागरी वसाहत होय.'

"काय समजलं?"

"काहीच न्हाई, नाना." मला वाटलं, माझंच शिक्षण कमी पडलं.

"मला पन न्हाई," ते म्हणाले. "ह्या वाक्याला आत जायला दार हाय, भाईर यायला न्हाई."

मला कळलं नाही यात माझा दोष नव्हता, हे तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मला सांगितलं. शाळा सुटल्यापासून मी उलटंच समजून चालले होते.

मग त्यांनी आपली पद्धत ठरवली, आणि ती ज्ञानकोशाच्या कोणत्याच नियमात लिहिलेली नसेल. आधी वाक्य पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहायचं. मग ते तिघांना वाचून दाखवायचं. एक शाळा सोडलेला, एक शाळेत न गेलेला आणि एक जास्तीचा शहाणा. तिघांनी ते आपापल्या शब्दांत परत सांगितलं तरच वाक्य कॉम्प्युटरवर जाणार. एकजण जरी अडखळला तरी वाक्य नापास, माणूस नाही.

शाळा सोडलेली मी. मशीनवर पाय थांबवून ऐकायचं आणि सांगायचं. कधीकधी गिऱ्हाईक बाई माप द्यायला उभी असायची आणि नाना मध्येच, "सुजाता, नगरपंचायत म्हंजे काय, सांग." बाई घाबरून हात खाली करायची.

"जे गाव अजून पुरतं शहर झालं न्हाई, पन गावपण राह्यलं न्हाई, होऊ घातलंय, तिथं सरकार नगरपंचायत देतं. जसं आपलं केज."

"अन् नगरपरिषद?"

"त्याहून मोठ्याला. गेवराई, परळी."

"पास," म्हणून ते टाइप करायला वळायचे. मी चाळिशीकडे निघालेली बाई, पण त्या एका 'पास'ने माझा दिवस चांगला जायचा.

जास्तीचा शहाणा म्हणजे सलूनवाला दिगंबर. त्याला सगळं आधीच माहीत असायचं. नाना दाढीला बसले की गळ्याला टॉवेल बांधलेल्या अवस्थेतच परीक्षा सुरू व्हायची. पण दिगंबर वाक्य बाजूला ठेवून वाद घालायचा.

"नाना, आपल्याकडं बँक हाय, एटीएम हाय, पेट्रोलपंप हाय. तरी तुमी गावच म्हणता? कावून?"

"पेट्रोलपंपानं शहर होत आसतं तर हायवेला एकबी गाव उरलं नसतं."

"पन नेटवर तर आपलं शहर म्हणून लिवलंय म्हणं."

"लिवलं आसंल कुण्या गाढवानं," नाना फेस उडवत म्हणाले. "नेटवर कायबी आसतंय."

दिगंबरने वस्तरा थांबवला, कारण नाना हसत होते आणि हसताना त्यांची हनुवटी हलायची. ही गोष्ट तिथेच राहिली. दोघांपैकी कुणीही ते पान उघडून पाहिलं नाही.

शाळेत न गेलेले म्हणजे बापूराव. मेंढरंवाले. आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर, पावसाळ्यात गावाला. त्यांची मेंढरं ओसरीपुढून जाताना माझ्या दोऱ्यांची रिळं पायदळी जायची, म्हणून मी ओरडायची. नाना मात्र कागद घेऊन उठायचे. त्या दिवशीचं वाक्य जनगणनेचं होतं. ग्रामपंचायत असली तरी जनगणनेवाले एखाद्या गावाला मोजणीपुरतं नगर धरतात, पण तीन अटी आहेत. पाच हजार तरी माणूस पाहिजे, दाट वस्ती पाहिजे, आणि कामकरी पुरुषांतले चारातले तीन शेतीबाहेरच्या कामावर पाहिजेत.

बापूरावांनी काठीवर हनुवटी टेकवून सगळं ऐकलं. म्हणाले, "समजलं. पर मला एक सांगा. त्या पाच हजारात आमी हाव का न्हाई?"

"म्हंजे?"

"आमी तर निम्म्याहून जास्त वरीस भाईर. तुमी मोजाया येता तवा आमी कुठंतरी गोदावरीच्या काठाला आसतो. मग आमाला कोन धरतं?"

नानांनी कागदाकडे पाहिलं. मग बापूरावांकडे. "आज न्हाई सांगत," ते म्हणाले. पुढचे तीन दिवस ते जेवणाच्या सुट्टीलाही उठले नाहीत. जुनी पुस्तकं काढली, मिलिंदला फोन केले, जनगणनेच्या सूचनांचं सगळं बाड वाचलं. चौथ्या दिवशी वाटेतच बापूरावांना गाठलं.

"मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नसतो, तो जिथं आसंल तिथं मोजतात."

"म्हंजे मेंढरं बसवली त्या गावात आमी?"

"हो."

बापूराव मोठ्यांदा हसले. "म्हंजे आमच्यामुळं त्यांचं गाव मोठं दिसतं, अन् आपलं बारकं! आता जातो तिथं चहा तरी मागून घेतो हक्कानं."

ज्ञानकोशाच्या त्या पानावर आज त्याची एक ओळ आहे. तिच्यापुढे जाड पुस्तकाचा संदर्भ दिलाय. बापूरावांचा द्यायची सोय नव्हती, याचं नानांना वाईट वाटत राहिलं.

आता माझी गोष्ट थोडी सांगावी लागते, कारण नानांची खरी ओळख मला तिथे झाली.

बीडला शिवणकामाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण निघालं होतं. ग्रामीण भागातल्या बायकांसाठी, राहणं-जेवण तिथेच, आणि संपल्यावर बाहेरच्या राज्यात कापडाच्या कारखान्यात नोकरी. आठवी पास चालत होतं. वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी मी तिच्या बाहेर जाणार होते. म्हणजे हीच एक वेळ. नेट सेंटरवर जाऊन फॉर्म भरला, आणि महिनाभर मला धड झोप नव्हती. मग मेसेज आला. अर्ज नामंजूर. कारण, उमेदवार ग्रामीण भागातील नाही.

मी नेट सेंटरवाल्याकडे पळत गेले. तो म्हणाला, "ताई, तिथं विचारलं होतं, ग्रामीण का नागरी. आता एवढं मोठं गाव. मी म्हणलं खात्री करावी, म्हणून ज्ञानकोशात पाह्यलं. तिथं शहर लिवलंय. म्हणून नागरी टाकलं." त्याने चांगल्या मनाने केलं होतं. उलट तो बिचारा बघायला तरी गेला होता.

मी घरी येऊन नानांना सांगितलं. सांगताना मला रडू आलं. नाना उभे राहिले. त्यांना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कोन हाय हा गाढव? आपल्या गावाला शहर लिवणारा? थांब, इतिहास काढतो. नाव-गाव सगळं सापडतं तिथं."

गंमत अशी, की नानांनी बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची पानं तपासली होती. चकलांबा झालं, धर्मापुरी झालं. स्वतःच्या गावाचं पान कधी तपासलं नव्हतं. आपलं गाव आपल्याला माहीतच आहे, त्यात काय बघायचं. त्यांनी ते पान उघडलं. पहिलंच वाक्य होतं, 'हे केज तालुक्यातील एक सुंदर, प्रगत व नावाजलेले शहर आहे.' खाली कसलाही संदर्भ नाही.

"बघ, बघ! नावाजलेले! कुनी नावाजलं?" म्हणत त्यांनी इतिहास उघडला आणि बोट पडद्यावरून खाली खाली नेलं. अगदी तळाशी जाऊन ते बोट थांबलं.

मी वाकून बघितलं. ज्याने ते वाक्य लिहिलं होतं त्याचं नाव होतं, 'जोगदंडनाना'. कॉम्प्युटर आल्याच्या पहिल्या आठवड्यातलं, त्यांचं सगळ्यात पहिलं लिखाण.

कौसामावशी दारात उभ्या होत्या. त्यांना काय झालं ते कळलं होतं, आणि त्यांच्या ओठांवर तो शब्द आलेला मला दिसला. पण नानांचं तोंड बघून त्यांनी तो गिळला आणि आत जाऊन चहा ठेवला.

चहा पुढे आल्यावर नाना म्हणाले, "तवा वाटलं, नेटवर आपलं गाव कुनीबी बघंल. जरा बरं दिसावं." मग चष्मा काढून नाडी सोडली, पुन्हा बांधली. "सुजाता, तुझं वरीस मी घालवलं."

मी म्हटलं, "आसं नका म्हणू नाना."

त्यांनी आधी पान दुरुस्त केलं. बदलाचं कारण लिहायला एक चौकट असते, तिच्यात लोक काहीही लिहितात किंवा मोकळी सोडतात. नानांनी लिहिलं, 'ही चूक मीच केली होती. संदर्भाशिवाय, गावाच्या प्रेमापोटी. क्षमस्व.' ते आजही तिथे आहे, पुसता येत नाही. मग ग्रामसेवकाकडून ग्रामपंचायतीचा दाखला आणला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं बीडला निघालो. वाटेत त्यांनी मला धीर द्यावा अशी माझी अपेक्षा होती, पण ते स्वतःच तळव्यांचा घाम पुसत होते.

ऑफिसात एक तरुण मॅडम होत्या. नाना खुर्चीवर बसलेच नाहीत. साहेबापुढे नोकरीभर उभं राहायची सवय. त्यांनी सुरुवातच कबुलीने केली. "मॅडम, हे शहर मी केलंय. माझ्या हातानं. ह्या पोरीचा काही गुन्हा न्हाई."

मॅडमना काहीच कळेना. "काका, तुम्ही शहर केलंय? म्हणजे?"

मग ज्ञानकोश, पहिला आठवडा, इतिहास, असं सगळं बाहेर आलं. मॅडम म्हणाल्या, "आम्ही ज्ञानकोश बघत नाही हो. फॉर्मवर नागरी लिहिलं, म्हणून अर्ज गेला. दाखला आणलाय तर दुरुस्ती होईल. पण तुमचं गाव मोठं दिसतंय. ग्रामपंचायत असूनही जनगणनेत नगर धरलेली गावं असतात. ते कसं आहे?"

म्हणजे ज्या प्रश्नाचा नानांनी जन्मभर नाही तरी म्हातारपणभर अभ्यास केला होता, तोच नेमका आला. आणि नाना गडबडले. साहेबाच्या टेबलापुढे त्यांच्या तोंडून सगळी ऑफिसची भाषा निघायला लागली. "सदरहू बाबतीत, जनगणनेच्या व्याख्येस अनुसरून, वैधानिक नगरे व तदितर..." असं करत ते एका वाक्यात शिरले आणि बाहेर यायचं दार त्यांना सापडेना. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर रांग होती. त्यांनी माझा फॉर्म उचलून नामंजूर अर्जांच्या गठ्ठ्याकडे हात नेला.

मीच मध्ये बोलले. कसं बोलले मला अजून कळत नाही.

"मॅडम, मी शिवणकाम करते. कपडा कुणाचा, हे येगळं, अन् माप किती, हे येगळं. आमच्या गावात ग्रामपंचायत हाय, म्हंजे कपडा गावाचा. तो दाखला तुमच्या हातात हाय. आता राह्यलं माप. जनगणनेची तीन मापं आसतात, अन् तिन्ही बसावी लागतात. माणसं आमच्याकडं हायत. वस्ती दाट म्हणलं तर तीबी धरा. पन चारातले तीन बाप्ये शेतीच्या भाईरचं काम करणारे पाह्यजेत, ते न्हाईत. आमच्याकडं समदे शेतात न्हाईतर उसात. छाती बसली, कंबर बसली, पन बाहीच चढंना, तर ब्लाऊज आपलं न्हाई ना मॅडम."

मॅडम खुर्चीला टेकून हसल्या. त्यांनी कॉम्प्युटरवर जनगणनेतल्या नगरांची यादी काढली, बोट फिरवलं, आमचं गाव त्यात नव्हतं. त्यांनी नागरी खोडून ग्रामीण केलं आणि शिक्का मारला.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

मी नानांकडे बोट केलं. नाना मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. पण ते खिशातून पेन्सिल काढून माझ्या अर्जाच्या झेरॉक्सच्या पाठीवर काहीतरी खरडत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "ती बाहीची गोष्ट पुन्हा सांग. मी तीन वर्षं लिवतोय अन् मला जमलं नव्हतं." तिथल्या नळावर त्यांनी तोंड धुतलं, आणि मग रसवंतीवर आम्ही उसाचा रस प्यालो. पैसे त्यांनीच दिले, आणि मी नको म्हटलंही नाही.

प्रशिक्षण झालं. नेमणूक तिरुपूरची निघाली. परळीहून गाडी, पुढे दोनदा बदलायची. स्टेशनला आई आली होती आणि नाना. आईचं रडणं चालू होतं. आमच्या बॅचच्या इतर बायका डब्यात जागा धरत होत्या. तोवर जिल्ह्याबाहेर मी कधी झोपले नव्हते. मी नानांना विचारलं, "नाना, तिथं मला जमंल का?"

मला वाटलं होतं, ते काहीतरी फोड करून सांगतील. पहिलं असं, दुसरं असं. त्यांना सगळ्याची फोड यायची.

"मला माहीत न्हाई, सुजाता," ते म्हणाले. "मी कदी एवढ्या लांब गेलोच न्हाई. तू बघून घे, अन् मला सांग."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'माहीत न्हाई' मी तेव्हाच ऐकलं. आणि काय झालं कोण जाणे, माझी भीती थोडी कमी झाली. ज्याला सगळं कळतं त्यालाही जे माहीत नव्हतं, तिकडे मी निघाले होते.

गाडी हलली. मी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला. त्यानंतर माझी पहिली सुट्टी होईपर्यंत नाना आणि कौसामावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला मिलिंदकडे गेले, आणि तिथेच राहिले. फोनवर बोलतो आम्ही. पण डोळ्यांनी शेवटचं बघितलं ते तेव्हाच. आई प्लॅटफॉर्मवर खाली बसली होती. नानांनी डोळे पुसायला चष्मा काढला होता, तो हातातच राहिला होता, आणि ते गाडीबरोबर चार पावलं चालत दुसरा हात उंच करून जोरजोरात हलवत होते. माझ्या डब्याकडे नाही, मागच्या डब्याकडे. मी हाक मारणार होते, की नाना, मी इकडे आहे. पण त्यांचा चेहरा इतका भरलेला होता, की मी गप्प बसले. मागच्या डब्याच्या दारात एक अनोळखी माणूस उभा होता. त्याने जरा वेळ इकडेतिकडे पाहिलं, आणि मग त्यानेही नानांना हात हलवला.